आभासी वाद्यांची पारख आणि सांभाळ : घरच्या ध्वनिमुद्रणासाठी काही निरीक्षणे

घरी संगणकावर गाणे बांधणाऱ्याला आज वाद्यांची टंचाई नाही. इंटरनेटवर तासभर शोधले तर पियानो, व्हायोलिनचा ताफा, तबला, सतार, बासरी असे सगळे फुकट किंवा थोड्या पैशांत मिळते आणि संगणकाची डिस्क भरून जाते. या पाठात प्लग-इन कसे बसवायचे हे सांगायचे नाही. ते तुम्हाला येत असेल असे धरून चालतो. प्रश्न पारखण्याचा आहे. जाहिरातीत सांगतात ते गिगाबाइट आणि तयार ध्वनींची संख्या. या दोन्हींवरून वाद्य कसे आहे ते कळत नाही.

आपल्या संगीतापुरते बोलायचे तर वाद्याची परीक्षा दोन ठिकाणी होते. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाताना ते काय करते, आणि तोच बोल लागोपाठ वाजवला तर दुसऱ्या वेळी काय होते. हे आधी तपासा, कारण वाद्याला जे जमत नाही ते तुमच्या चालीतून न सांगता गळून पडते. कळफलकावर मींड नीट येत नाही, म्हणून चाल बांधताना आपण मींडेची जागाच टाळतो, आणि चार गाण्यांनंतर ती आपली शैली आहे असे समजून बसतो. मी स्वतः यातून गेलो आहे.

मींड कुठे अडते

एक साधा प्रयोग करा. कोणतेही सतारीचे किंवा बासरीचे प्लग-इन उघडा, शुद्ध गंधार दाबा आणि पिच बेंडच्या चाकाने पंचमापर्यंत मींड घ्या. बहुतेक प्लग-इनमध्ये या चाकाचा पल्ला मुळात दोन अर्धस्वरांचाच ठेवलेला असतो. गंधार ते पंचम हे अंतर तीन अर्धस्वरांचे आहे. चाक शेवटपर्यंत ढकलले तरी स्वर तीव्र मध्यमावर अडकतो. अनेक नवखे इथेच वाद्य वाईट ठरवून मोकळे होतात. दोष मांडणीचा आहे. पल्ला सात किंवा बारा अर्धस्वर करून घ्या. सूक्ष्मता कमी होईल अशी भीती नको. मिडीच्या पिच बेंडला 16,384 पायऱ्या असतात, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूला सुमारे 8,192. पल्ला बारा अर्धस्वर ठेवला तरी एका अर्धस्वरात 680 हून अधिक पायऱ्या येतात. कानाला तेवढ्या पुरतात.

खरी अडचण त्यापुढे आहे. सॅम्पलवर चालणारे वाद्य मुद्रित आवाज कमी-जास्त वेगाने वाजवून स्वर चढवते. सतारीची तार ओढली की ताण वाढतो आणि स्वर चढतो, पण भोपळा तोच राहतो, तबली तीच राहते. सॅम्पल ओढले की तारेबरोबर भोपळाही लहान होत जातो. कानाला हे लगेच जाणवते, फक्त त्याला नाव देता येत नाही. ‘आवाज प्लास्टिकचा वाटतो’ असे आपण म्हणतो. काही कंपन्या यावर तोडगा म्हणून मींडेच्या तयार तुकड्यांचीच सॅम्पल देतात. ते तुकडे ऐकायला गोड असतात, पण मींड किती वेळात घ्यायची हे मुद्रित करणाऱ्या वादकाने आधीच ठरवलेले असते. तुमची लय विलंबित असेल तर तो तुकडा मध्येच संपतो. माझे मत स्पष्ट सांगतो : मुख्य चालीत सतार, सारंगी किंवा बासरी हवी असेल तर ओळखीचा वादक गाठा आणि मोबाइलवर मुद्रित केले तरी चालेल. या तीन वाद्यांसाठी पैसे खर्च करणे मला पटत नाही. मागे, दूरवर, एखाद्या तुकड्यापुरती सतार हवी असेल तर गोष्ट वेगळी.

पिच बेंडबद्दल एक गोष्ट आणखी. हा संदेश पूर्ण मिडी चॅनलला लागू होतो. त्याच चॅनलवर खाली षड्ज धरून ठेवला असेल तर मींडेबरोबर षड्जही वर सरकतो, आणि मग सगळेच बेसूर. 2018 मध्ये मान्य झालेल्या एमपीई या पद्धतीत प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनल मिळतो. सर्ज एक्सटी या मोफत आणि मुक्तस्रोत सिंथेसायझरमध्ये ही सोय आहे. तसा कळफलक जवळ नसेल तर धरलेला स्वर वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, काम भागते.

तबला, ‘घे’ आणि पट्टी

तबल्याच्या प्लग-इनची परीक्षा सोळा ‘ना’ लागोपाठ वाजवून करा. चांगल्या वाद्यात एकाच बोलाची तीन-चार तरी वेगवेगळी मुद्रणे असतात आणि ती आळीपाळीने वाजतात. नसतील तर टाइपरायटर ऐकू येईल. यानंतर डग्ग्याकडे वळा. ‘घे’ वर मनगट दाबून आणि सरकवून वादक जो आवाज वर नेतो, तो प्रत्येक वेळी वेगळा असतो आणि ठेक्याचा अर्धा प्राण त्यातच असतो. प्लग-इनमध्ये साधारणपणे ‘घे’ चे दोन-तीन प्रकार वेगवेगळ्या कळांवर मिळतात. ते सगळे वापरा. एकाच ‘घे’ वर भजनी ठेका बांधला तर पहिल्या अंतऱ्यापर्यंत ऐकणारा कंटाळतो.

पट्टीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. समजा, दायाँ काळी एकमध्ये मुद्रित झाला आहे आणि तुमची गायिका काळी चारमध्ये गाते. प्लग-इन सात अर्धस्वर चढवते, म्हणजे सॅम्पल जवळजवळ दीडपट वेगाने वाजते. एक सेकंद टिकणारी आस दोन तृतीयांश सेकंदात संपते आणि तबला खेळण्यातला वाटतो. म्हणून खरेदीपूर्वी एकच विचारा : दायाँ किती पट्ट्यांत वेगळा मुद्रित केला आहे? उत्तर ‘एका’ असेल तर मूळ पट्टीपासून दोन अर्धस्वरांपलीकडे त्याला नेऊ नका.

पेटीचा जुना वाद

गंमत अशी की आभासी रूपात सगळ्यात कमी बिघडणारे आपले वाद्य हार्मोनियम आहे, कारण तिच्यात मुळातच मींड नाही. याच कारणावरून आकाशवाणीने 1940 मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत राहिली. दुसरा आक्षेप बारा समान भागांच्या सप्तकाचा होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, आणि क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटीही तयार झाली. आज प्लग-इनवर जे आक्षेप आपण घेतो ते शंभर वर्षांपूर्वी पेटीवर घेऊन झाले आहेत.

समान भागांच्या गंधाराचा त्रास आकड्यात मांडता येतो. खालचा षड्ज काळी एक, म्हणजे 138.6 हर्ट्झ धरा. तानपुऱ्याच्या त्या तारेतून निघणारा पाचवा स्वरांश 693 हर्ट्झचा असतो. तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार तो हाच. पेटीच्या मध्य गंधाराचा दुसरा स्वरांश मात्र 698.5 हर्ट्झवर येतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला साडेपाच वेळा आवाज थरथरतो. गाणारा तानपुऱ्याबरोबर गातो, म्हणून तो पेटीशी भांडल्यासारखा वाटतो. सर्ज एक्सटीमध्ये स्काला फाइल घालून सप्तक बदलता येते. गंधार 14 सेंट खाली आणला की थरथर थांबते. षड्ज कोणत्या कळेवर आहे हे मात्र वेगळे सांगावे लागते, नाहीतर ‘सुधारलेला’ गंधार भलत्याच जागी जाऊन बसतो. ज्या पेटीच्या प्लग-इनमध्ये ही सोय नाही, तिथे गंधाराला पिच बेंडने खाली घ्या. 200 सेंटच्या पल्ल्यात 14 सेंट म्हणजे सुमारे 573 पायऱ्या.

पेटीच्या अनेक प्लग-इनमध्ये एक ढोबळ चूक दिसते. कळ जोरात दाबली की आवाज मोठा होतो. पियानोवर हे खरे आहे. पेटीवर कळ कशीही दाबा, आवाज भात्यावर ठरतो आणि दाबलेल्या सगळ्या स्वरांना एकदम लागू होतो. म्हणून कळेच्या जोराचा परिणाम बंद करा आणि आवाज एक्स्प्रेशन नियंत्रकाला जोडा. मग डाव्या हाताने चाक फिरवत वाजवा. पहिल्यांदाच पेटी श्वास घेतल्यासारखी वाटेल. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, तुळशीदास बोरकर यांच्या वादनात स्वर जोडलेले ऐकू येतात ते भात्यामुळे आणि बोटांच्या लगटीमुळे. वाद्याची मर्यादा लपवायला ते गेले नाहीत. त्या मर्यादेतून त्यांनी पेटीची भाषा काढली.

परदेशी वाद्यांबद्दल थोडक्यात. पियानोसाठी दोन टोके आहेत : प्रचंड सॅम्पलचे संच, आणि पियानोटेकसारखे गणिताने आवाज घडवणारे, काही मेगाबाइटांचे वाद्य. जुना संगणक असेल तर दुसरे घ्या. वाद्यवृंदासाठी बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राची डिस्कव्हर ही सुमारे 200 मेगाबाइटची मोफत आवृत्ती शिकण्याला पुरते. तिची सर्वांत मोठी आवृत्ती शेकडो गिगाबाइटची आहे. 1983 च्या यामाहा डीएक्स सेव्हनचे आवाज हवे असतील तर डेक्स्ड मोफत आहे. सिंथेसायझर कुणाची नक्कल करत नाही, म्हणून तिथे फसगतही कमी होते.

सांभाळ

काँटॅक्ट प्लेअर मोफत आहे, पण त्यासाठी परवाना न घेतलेले संच त्यात पंधरा मिनिटेच चालतात. पुढे पूर्ण काँटॅक्ट विकत घ्यावे लागते. ‘स्वस्त’ सतार घेताना ही ओळ वाचायला विसरू नका, अनेकांचे पैसे इथेच बुडतात.

व्हीएसटीच्या दुसऱ्या पिढीची प्लग-इन कुठल्याही फोल्डरमध्ये असू शकतात, आणि तिथेच गोंधळ होतो. तिसऱ्या पिढीची ठरलेल्या एकाच जागी बसतात. स्टाइनबर्गने 2018 मध्ये दुसऱ्या पिढीचे विकसन-साहित्य देणे थांबवले, त्यामुळे नवे घेताना तिसरी पिढीच घ्या. सॅम्पल मात्र वेगळ्या एसएसडीवर, एकाच फोल्डरखाली ठेवा.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी एका अभंगाची संगीतयोजना मी घरी पूर्ण केली. गायकाने दोन वर्षांनी पट्टी बदलून मागितली. प्रकल्प उघडला तर बेसचे वाद्य गायब. बनवणाऱ्या कंपनीने परवान्याची जुनी पद्धत बंद केली होती आणि माझ्याकडे ना क्रमांक होता ना तो ट्रॅक ऑडिओ म्हणून काढलेला. मिडी होती, आवाज गेला. तशाच आवाजाच्या शोधात आठवडा घालवला, शेवटी गाणे वेगळ्याच बेसवर गेले आणि गायकाला ते आवडले नाही. त्याचे म्हणणे बरोबर होते.

तेव्हापासून गाणे संपल्या दिवशी मी प्रत्येक ट्रॅक परिणामांसह आणि परिणामांशिवाय असा दोनदा ऑडिओ फाइल म्हणून काढतो, मिडी वेगळी जतन करतो, आणि एका साध्या मजकूर फाइलमध्ये प्लग-इनचे नाव, आवृत्ती, ध्वनीचे नाव, पिच बेंडचा पल्ला आणि षड्जाची पट्टी लिहितो. पल्ला लिहिणे सगळ्यात जास्त विसरले जाते. बारा अर्धस्वरांवर वाजवलेली मींड दोनवर उघडली तर पंचमाऐवजी गंधाराच्या अर्धा स्वरही वर जात नाही, आणि पडद्यावर कुठेही चूक दिसत नाही.