‘विश्वास’ नावाचे घर : शशी देशपांडे यांची ‘अ मॅटर ऑफ टाइम’

शशी देशपांडे यांच्या ‘अ मॅटर ऑफ टाइम’ (१९९६) या कादंबरीतील मुख्य घटना आरंभीच्या काही पानांतच घडून जाते. दूरचित्रवाणीवर चित्रपट पाहत बसलेल्या सुमीला तिचा नवरा गोपाळ आपण घर सोडून जात असल्याचे सांगतो आणि खरोखरच निघून जातो. तो इतिहासाचा प्राध्यापक आहे. संसाराला वीसएक वर्षे झालेली आहेत आणि अरू, चारू व सीमा या तीन मुली आहेत. भांडण झालेले नाही, दुसरी स्त्री नाही, व्यसन नाही, पैशाची अफरातफर नाही. परित्यक्तेच्या कथेत वाचक ज्या कारणाची वाट पाहतो ते कारण लेखिकेने काढून घेतले आहे. खलपुरुष नसलेली फसवणूक कोणत्या नावाने ओळखायची, ही या कादंबरीची खरी अडचण आहे, आणि तिचे मोलही त्या अडचणीतच आहे.

मराठी वाचकाला हा विषय नवखा नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’पासून विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’पर्यंत आणि पुढे गौरी देशपांडे, सानिया, आशा बगे यांच्या लेखनापर्यंत संसारात एकट्या पडलेल्या स्त्रीचे दुःख मराठी कथात्म साहित्याने नाना रूपांनी हाताळले आहे. १९८० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील स्त्रीचळवळीने ‘टाकलेली’ या शब्दाची लाज झटकून परित्यक्तांचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. तथापि चळवळीतील परित्यक्ता ही बहुधा निराधार असते. तिला पोटगी हवी असते, डोक्यावर छप्पर हवे असते. सुमीला माहेर आहे, शिक्षण आहे, गणगोत आहे. म्हणूनच तिच्या बाबतीत प्रश्न निर्वाहाशी संपत नाही. आपले आतापर्यंतचे आयुष्य नेमके कोणाच्या भरवशावर उभे होते, असे तिला स्वतःलाच विचारावे लागते.

सुमी मुलींना घेऊन आईवडिलांच्या घरी येते. या जुन्या, मोठ्या घराचे नाव ‘विश्वास’ आहे. कादंबरीची सुरुवातच या नावाने होते, आणि हे नाव विश्वास या गुणावरून दिलेले नसून घराण्याच्या मूळपुरुषावरून दिलेले आहे, असा खुलासा निवेदक तेथेच करून टाकतो. हा मूळपुरुष पेशव्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेत आला आणि तिकडेच स्थायिक झाला. इंग्रजीत लिहिलेल्या मजकुरात हा खुलासा माहितीपुरता ठरतो. मराठी किंवा कन्नड जाणणाऱ्या वाचकाच्या कानात मात्र ‘विश्वास’ हा शब्द खुलाशाला जुमानत नाही. नाकारलेला अर्थ तेथे अधिकच ठसठशीत होतो. ज्या घरात एकदा विश्वास तुटून पडला आहे, त्याच घरात विश्वास गमावलेली दुसरी स्त्री परतते. पुढे गोपाळ आपल्या जाण्याचे जे थोडेफार कारण देतो तेही हेच, की आपण जगत होतो त्या जीवनावर आपलाच विश्वास उरला नाही. एका शब्दाची तीन वजने लेखिकेने कादंबरीभर तोलली आहेत, आणि तीही मुळात शब्दाच्या भाषेबाहेर राहून.

पेशव्यांच्या फौजेचा उल्लेख हा केवळ ऐतिहासिक अलंकार नव्हे. १६३८ मध्ये बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि अठराव्या शतकात मराठी फौजा वारंवार म्हैसूरच्या मुलखात उतरल्या. त्या मागोमाग आलेली आणि कर्नाटकात मुरलेली मराठी मुळांची घराणी तेथे आजही आहेत. घरातील भाषा, देव्हारा आणि सोयरिकीचे नियम यांत दोन प्रदेशांची सरमिसळ झालेली अशी ही कुटुंबे असतात. बसवनगुडी, मल्लेश्वरम या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसविलेल्या बेंगळुरूतील पेठांत ज्यांनी अशी अंगणाची, झाडांची, अर्ध्या खोल्या कुलूपबंद असलेली घरे पाहिली आहेत त्यांना ‘विश्वास’चा आराखडा समजून घ्यायला निवेदकाची गरज पडणार नाही. त्यांपैकी कितीतरी घरांच्या जागी गेल्या तीसेक वर्षांत सदनिकांचे मजले चढले आहेत. लेखिका स्वतः बेंगळुरूच्या रहिवासी. जन्म १९३८ चा, धारवाडचा. कन्नड नाटककार श्रीरंग, म्हणजे आद्य रंगाचार्य, यांच्या त्या कन्या. वडिलांची भाषा कन्नड, आईची मराठी आणि लेखनाची इंग्रजी, असा हा तिपेडी वारसा आहे. गौरी देशपांडे यांची ‘निरगाठी’ त्यांनी इंग्रजीत नेली, ही गोष्टही येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

‘विश्वास’मध्ये कल्याणी आणि श्रीपती राहतात. कल्याणी तळमजल्यावर, श्रीपती वर. काही हवे असल्यास तो घंटा वाजवतो. त्याने पत्नीशी कित्येक दशकांत एक शब्दही उच्चारलेला नाही. त्याचे कारण लेखिका लवकर सांगत नाही. ते हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी उलगडते. मुलांना घेऊन प्रवासाला निघालेल्या कल्याणीच्या हातून मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनस स्थानकावर (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) तिचा मतिमंद मुलगा हरवला. श्रीपतीने त्याचा पुष्कळ शोध घेतला. मुलगा सापडला नाही, आणि त्या दिवसापासून पत्नीही त्याच्या लेखी हरवली. कल्याणी ही श्रीपतीची सख्खी भाची. मुलगा नसलेल्या मनोरमेने घर-जमीन परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून आपली एकुलती लेक आपल्याच भावाला दिली होती. मामा-भाचीचा विवाह कर्नाटकात रूढीसंमत आहे आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढीचा अपवाद मान्य केला आहे. महाराष्ट्रातील बहुतांश वाचकांना मात्र येथे क्षणभर थबकावे लागेल. थबकल्यावर लक्षात येते की या लग्नात कल्याणीला जायला माहेरच उरलेले नाही. नवरा आईचा भाऊ, सासर आईचेच घर. रुसून निघून जाण्याइतकीही जागा तिच्यापाशी नाही.

अशा घरात सुमी आल्यावर कल्याणीच्या तोंडून प्रथम जे उमटते ते लेकीबद्दलच्या दुःखापेक्षा ‘हे पुन्हा घडते आहे’ या भयाचे आहे. कादंबरीचे सारे सामर्थ्य या दोन स्त्रियांना एका छताखाली ठेवण्यात आहे. एकीचा नवरा घर सोडून गेला. दुसरीचा घरात राहून गेला. कल्याणीचे कुंकू शाबूत आहे, हळदीकुंकवाला तिला मानाने बोलावले जाते; समाजाच्या नोंदवहीत ती सौभाग्यवती आहे. सुमी हे पाहते आणि आईच्या त्या सौभाग्याचा खरा भाव तिला कळतो. नवरा असणे आणि नवऱ्याने टाकणे या दोन स्थितींत आपण मानतो तेवढे अंतर नाही, हे विधान लेखिका कोठेही करत नाही. दोन मजल्यांमधला जिना आणि ती घंटा तेवढे काम पार पाडतात.

‘दॅट लाँग सायलेन्स’ (१९८८) या साहित्य अकादेमी पुरस्कारप्राप्त कादंबरीतील जया प्रथमपुरुषात बोलते. तिचे मौन तीच फोडते. येथे लेखिकेने ती वाट टाळली आहे. तृतीयपुरुषी निवेदन सुमी, अरू, कल्याणी, गोपाळ यांच्या मनांत आळीपाळीने शिरते, आणि सुमीच्या मनात सर्वांत कमी रेंगाळते. त्यामुळे सुमी कित्येकदा थंड, जवळजवळ निर्विकार वाटते. ती रडत नाही, नवऱ्याला जाब विचारत नाही, नातेवाइकांच्या सांत्वनाला दाद देत नाही. हा तिच्या चित्रणातील उणेपणा आहे असे मानणे सोपे आहे. वास्तविक नातेवाइकांना तिचे दुःख हवे आहे. ते तिने उघड केले की सांत्वनाचे, मध्यस्थीचे, समेटाचे ठरीव चक्र फिरू लागेल. ते चक्र न फिरू देणे हीच तिची पहिली कृती आहे.

त्यानंतरच्या तिच्या कृती अगदी लहान आहेत, आणि या भागात लेखिकेचा हात विशेष समर्थ आहे. सुमी दलालाबरोबर भाड्याचे घर शोधत हिंडते. ती स्कूटर शिकते. शिक्षिकेची नोकरी मिळवते. शाळेसाठी एक नाटुकले लिहिते, ते जमल्यावर तिला लेखनाची चव लागते आणि मग शूर्पणखेवर काही लिहावे असे तिच्या मनात येते. नाक कापलेल्या, हसण्यावारी नेलेल्या त्या राक्षसीच्या इच्छेकडे सरळ दृष्टीने पाहण्याचा हा विचार टाकलेल्या स्त्रीच्या मनात यावा, हे सूचक आहे. सीता किंवा अहल्या नव्हे, शूर्पणखा. पुनर्बांधणीच्या कथांत एरवी दिसणारा विजयाचा सूर येथे मुळीच नाही. स्कूटरवर तोल सावरणारी चाळिशीतील बाई इतकेच चित्र आहे.

आईच्या या शांतपणाने सर्वाधिक चिडते ती थोरली मुलगी अरू. तिला बापाकडून उत्तर हवे आहे, हक्क हवा आहे. ती वकिलाकडे जाते. तिचा कायद्याकडे ओढा आणि सुमीचे कायद्यापासून दूर राहणे, यांत कोणाची बाजू घ्यावी हे कादंबरी ठरवीत नाही. पोटगीचा दावा लावून निर्वाहाची रक्कम मिळेल. निघून जाण्याचे कारण कोणत्या न्यायालयाकडून मिळवायचे?

गोपाळचे काय करायचे, हा टीकेचा खरा वादाचा मुद्दा आहे. पहिल्या भागाच्या आरंभी लेखिकेने बृहदारण्यकोपनिषदातील याज्ञवल्क्याचे मैत्रेयीला उद्देशून असलेले वचन योजले आहे. गृहस्थाश्रम सोडून निघालेला याज्ञवल्क्य आणि चाळिशी उलटलेला, विद्यापीठातून बाहेर पडलेला, एका जुन्या विद्यार्थ्याकडे आश्रयाला राहिलेला गोपाळ यांची तुलना अशी प्रारंभीच सुचवली जाते. तीत गोपाळला नको इतका मोठेपणा मिळतो, हा आक्षेप अनाठायी नाही. याज्ञवल्क्याने निघण्यापूर्वी दोन्ही पत्नींची वाटणी करून देण्याची भाषा केली होती; गोपाळ निघण्याची वर्दी देतो आणि मोकळा होतो. आपल्या परंपरेत संन्यासाला निघालेल्या पुरुषासाठी श्लोक तयार असतात, मागे उरलेल्या स्त्रीसाठी शेजाऱ्यांचे प्रश्न. मात्र उपनिषदातील कथेत याज्ञवल्क्याच्या दोन पत्नी आहेत. मैत्रेयीने अमृतत्वाचा प्रश्न विचारला म्हणून ती स्मरणात राहिली. कात्यायनीचे पुढे काय झाले हे उपनिषद सांगत नाही. लेखिकेने प्रास्ताविक वचन मैत्रेयीचे घेतले आणि कादंबरी लिहिली ती कात्यायनीची. सुमी अमृतत्वाविषयी विचारत नाही. ती भाड्याचे घर पाहायला जाते. या दृष्टीने वाचल्यास ते वचन गोपाळचे समर्थन राहत नाही, त्याच्या आडोशाला राहून गेलेल्या बाईकडे वळवलेला दिवा ठरते. अर्थात लेखिकेला गोपाळविषयी जी सहानुभूती आहे ती या वाचनाने पुसली जात नाही. त्याच्या बालपणाची, त्याच्या आईवडिलांच्या विवाहाची कहाणी सांगताना निवेदन पुष्कळ हळवे होते, आणि तो भाग रेंगाळतो.

बाहेरगावच्या शाळेतील नोकरी हाती येते, नव्या आयुष्याचा पाया दिसू लागतो, आणि नेमक्या त्या वेळी सुमी व श्रीपती रस्त्यावरील अपघातात मरण पावतात. हा शेवट अनेक वाचकांना अन्यायकारक वाटला आहे. स्वतःच्या पायांवर उभ्या राहणाऱ्या नायिकेला लेखकाने मारून टाकणे ही जुनी खोड आहे. त्यात शिक्षेचा वास येतो. येथे शिक्षेचा भाव नाही हे खरे, पण अपघाताचे यांत्रिकपण लपत नाही. निवेदकाने मधूनमधून भविष्याचे सूचन करून ठेवले असले तरी वाचकाच्या हातून काही हिसकावून घेतल्याची जाणीव उरतेच. लेखिकेच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की सुमीने उभे केलेले तिच्यासह संपत नाही. गोपाळ परत येतो आणि पुन्हा जायला निघतो, तेव्हा त्याला निरोप देणारी अरू ही आरंभीची चिडलेली अरू नव्हे. आम्ही नीट राहू, असे ती त्याला सांगते. यात क्षमा नाही, विनवणीही नाही. बापाच्या जाण्यावर आता काही अवलंबून उरलेले नाही. या बहिणींची कथा लेखिकेने पुढे ‘शॅडो प्ले’ (२०१३) मध्ये पुन्हा हाती घेतली.

श्रीपतीच्या मृत्युपत्रात घर कल्याणीच्या नावे केलेले आढळते. त्यात तिचा उल्लेख पत्नी म्हणून नाही. विठ्ठलराव आणि मनोरमा यांची कन्या, असा आहे. इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर नवऱ्याने कागदावर लिहिलेले हे शब्द क्रूर वाटू शकले असते. कल्याणी मात्र त्यांनी सुखावते. मुलगा नाही म्हणून आईच्या मनातून उतरलेली, घर राखण्यासाठी लग्नात देऊन टाकलेली मुलगी त्या घराची वारस लेक म्हणून नोंदली जाते. कादंबरी प्रसिद्ध होण्याच्या दोन वर्षे आधी, १९९४ मध्ये, कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना वाटा देणाऱ्या दुरुस्त्या केल्या होत्या. देशभर तो हक्क यायला २००५ उजाडले. कल्याणीला त्या कायद्याची वार्ता असण्याचे कारण नाही. सुमीच्या मृत्यूने मोडलेल्या त्या दिवसांत ती घराच्या किमतीविषयी बोलत नाही. त्या एका शब्दाविषयी बोलते.