गॅलरीतला उघडा माणूस

समलिंगी माणसांचा इतिहास लिहायला बसलं की पहिली अडचण कागदांची. १८६० च्या दंडविधानातल्या ३७७ कलमाने जे जगणं गुन्हा ठरवलं, ते पत्रांत किंवा रोजनिशीत सहसा उतरत नाही. उतरलंच तर घरचेच फाडून टाकतात. म्हणून हा इतिहास बऱ्याच ठिकाणी विद्यापीठाबाहेरच्या, त्याच समाजातल्या माणसांनी जमवला. आमच्या बडोद्यात हे काम एका चार्टर्ड अकाउंटंटने केलं, तेही कुंचल्याने. भूपेन खक्कर यांना मी या शहराचा इतिहासकार मानतो.

१९३४ साली मुंबईत जन्मलेले खक्कर १९६२ मध्ये बडोद्याला आले, सयाजीराव विद्यापीठात कलासमीक्षा शिकले आणि पोटासाठी हिशेब लिहीत राहिले. रावपुऱ्यात चिमणाबाई टॉवरपासून चालू लागलं की शिंपी, न्हावी, घड्याळजी दिसतात ना, तसली माणसं आणि दुकानं त्यांनी १९७२-७३ च्या सुमारास रंगवली. १९७९ मध्ये ते इंग्लंडला राहून आले, १९८० मध्ये आई गेली आणि १९८१ मध्ये आपलं समलिंगी असणं उघड करणारं ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे चित्र झालं.

सुमारे पावणेदोन मीटरचं चौकोनी चित्र. गॅलरीत एक माणूस उभा आहे, नखशिखान्त उघडा, आपल्याकडे पाठ करून. तो खाली गाव बघतोय. तिथे आपल्या लहानपणीच्या गोष्टीतले बाप, लेक आणि गाढव चालले आहेत. एकाच दृश्यात तेच तिघं पुन्हा पुन्हा. कथा अशी पुढे सरकवण्याची रीत आपल्या लघुचित्रांत आहे आणि खक्करांना प्रिय असलेल्या सिएनाच्या जुन्या चित्रकारांतही. लोकांचं ऐकून बापलेकांची जी दैना होते ती आपल्याला पाठ असते. खक्करांनी ती माणसाच्या नजरेसमोर मांडली आणि ‘लोक काय म्हणतील’ या प्रश्नाला तिथेच उत्तर मिळालं.

मला या चित्रात सर्वांत मोलाची वाटते ती गॅलरी. ती धड घर नव्हे, धड रस्ताही नव्हे. आतला माणूस गावाला दिसू शकतो, तरी तो अजून घरातच असतो. ज्याने आपलं मन वर्षानुवर्षं दडवलं, त्याला उभं करायला याहून नेमकी जागा कुठली? आणि शरीरही देखणं, पिळदार नाही. चारचौघांसारखं, वय झालेलं आहे. परदेशी चित्रांतले तरणेबांड पुरुष बघून कुणाला ही श्रीमंतांची, परक्यांची गोष्ट वाटली असेल, तर खक्कर आपला शेजारीच दाखवतात.

१९८२ च्या ‘टू मेन इन बनारस’मध्ये ते आणखी पुढे गेले. दोन विवस्त्र पुरुष एकमेकांच्या मिठीत, आणि भोवती काशीचे भक्तिभाव, साधू, रोजचे व्यवहार नेहमीसारखे चालू. तेव्हा ३७७ कलम जारी होतं. २००३ मध्ये खक्कर गेले तेव्हाही होतंच. २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नने त्यांच्या प्रदर्शनाला त्या गॅलरीतल्या चित्राचंच नाव दिलं, आणि समलिंगी संबंध गुन्हा नाहीत हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडला.