ग्राहकाच्या कुरकुरीचा अर्थ

ग्राहक हा स्वभावतःच कुरकुरा असतो, असे बहुतेक कारखानदारांचे मत दिसते. नित्याच्या वस्तूतील एखादा ओळखीचा भाग काढून त्याच्या जागी नवा बसविला, की ग्राहक आरडाओरड करणार. सहा महिने लोटले, की तोच ग्राहक नव्या भागाशी जुळवून घेणार. आणि पुढे हा नवा भाग काढू म्हटले, तर पुन्हा तितक्याच जोराने तक्रार करणार, असा आपला अनुभव ते सांगतात. उलट पक्षी, जुने ते सोने ही म्हण प्रमाण मानून प्रत्येक नव्या गोष्टीस नाक मुरडणारांचा वर्गही ग्राहकांत लहान नाही. ह्या दोन्ही पक्षांना विचाराचे श्रम नको आहेत, असे आम्हांस वाटते. पहिला पक्ष तक्रार किती दिवस टिकली एवढेच पाहतो, ती का झाली हे पाहत नाही. दुसरा पक्ष वस्तू किती जुनी एवढेच पाहतो, ती कशी आहे हे पाहत नाही. तेव्हा प्रस्तुत लेखात ह्या कुरकुरीचीच थोडी समीक्षा करावयाचा विचार आहे.

सध्या ह्या वादाचे मुख्य क्षेत्र म्हणजे स्मार्टफोन. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपल कंपनीने आयफोन ७ बाजारात आणताना हेडफोनची तार खोचावयाचे गोल छिद्र काढून टाकले, आणि ह्या कृत्यास तिच्या एका अधिकाऱ्याने व्यासपीठावरून ‘धैर्य’ असे नाव दिले. २०१७ च्या आयफोन एक्समधून पडद्याखालचे गोल बटण गेले. २०२० साली पेटीतला चार्जरही गेला. त्याचे कारण पर्यावरण असे सांगण्यात आले. सॅमसंग कंपनीने आपल्या जाहिरातींत प्रतिस्पर्ध्याच्या ह्या काटछाटीची थट्टा केली होती. परंतु २०१९ मध्ये नोट १० ह्या फोनातून तिनेही ते छिद्र काढले, आणि २०२१ पासून आपल्या वरच्या श्रेणीच्या फोनांबरोबर चार्जर देणे सोडले. प्रत्येक वेळी लोक रागावले, आणि प्रत्येक वेळी फोन खपले. एवढ्यावरून राग पोकळ होता असे अनुमान कारखानदार काढतात. परंतु माणूस एखादी वस्तू घेतो, ती पसंत पडली म्हणूनच घेतो, असे मुळीच नाही. पुष्कळदा दुसरे काही मिळत नाही म्हणून घेतो. पसंती आणि निरुपाय ह्या दोहोंचा विक्रीच्या वहीतील आकडा मात्र एकच असतो.

हा भेद नीट ध्यानात येण्यास अमेरिकेपर्यंत जावयास नको. पिंपरी-चिंचवड आणि चाकण ह्या आपल्याच उद्योगपट्ट्यात त्याचे उत्तम उदाहरण आहे, आणि ते म्हणजे बजाजची चेतक स्कूटर. बजाज कंपनी प्रथम इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्याने व्हेस्पा स्कूटर बनवीत असे. तो परवाना संपल्यावर १९७२ मध्ये तिने त्याच घडणीची स्कूटर राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव देऊन विकावयास काढली. आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या ह्या वाहनाने मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांचा संसार वाहिला, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. नवरा पुढे, बायको मागे, एक मूल पुढे उभे आणि दुसरे दोघांच्या मध्ये, हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा त्या काळचा महाराष्ट्रीय विरळाच.

ही स्कूटर चालविणे ही एक विद्याच होती. डाव्या हाताची मूठ क्लच दाबून फिरवावयाची, म्हणजे गिअर पडे. इंजिन उजव्या अंगास असल्यामुळे तोल किंचित एका बाजूस जाई, आणि चालविणाऱ्याचे शरीर न सांगता तो सावरून घेई. सकाळी स्कूटर सुरू होईना, तर ती एका अंगावर कलती करावयाची, मग किक मारावयाची. पेट्रोलमध्ये तेल किती मिसळावयाचे, राखीव पेट्रोलचा खटका केव्हा फिरवावयाचा, चाक पंक्चर झाले तर स्टेपनी कशी चढवावयाची, हे सर्व बाप मुलास शिकवी. ह्या विद्येसाठी ग्राहकाने जे श्रम केले, ते बिलात कोठेही लिहिलेले नव्हते. पण त्या वस्तूतील तेही एक भांडवलच होते, आणि ते ग्राहकाने स्वतः घातलेले होते. ओळखीचा भाग बदलला म्हणजे पहिला घाला पडतो तो ह्या भांडवलावर. मोडी लिपी मागे पडली तेव्हा वळणदार मोडी लिहिणाऱ्या कारकुनाचे जे झाले, तेच थोड्या प्रमाणात येथे प्रत्येकाचे होते. म्हणून ग्राहकाच्या तक्रारीस ‘केवळ सवय’ म्हणून उडवून देणे हे आम्हांस अन्यायाचे वाटते. सवय म्हणजे मुरलेली विद्याच होय.

परंतु एवढ्यावरच थांबलो, तर आम्हीही जुने ते सोने म्हणणाऱ्या पक्षात जाऊन बसू. चेतकचे पुढे काय झाले ते पाहिले पाहिजे. २००१ साली होंडा कंपनीची ॲक्टिव्हा ही बिनगिअरची स्कूटर आली. तिला मूठ फिरवावी लागत नसे, बटण दाबताच ती सुरू होई, आणि किकशी झगडण्याचे कारण उरले नाही. आजवर मागल्या सीटवर बसणाऱ्या असंख्य स्त्रियांनी ह्या जातीच्या गाड्यांचे हँडल स्वतःच्या हाती घेतले. टू-स्ट्रोक इंजिनाचा धूर हाही शहरांच्या प्रकृतीस अपायकारक ठरला होता, आणि प्रदूषणाचे नियम कडक होत चालले होते. २००५ च्या सुमारास चेतकचे उत्पादन बंद पडले. डिसेंबर २००९ मध्ये बजाज कंपनीने स्कूटर बनविणेच सोडीत असल्याचे जाहीर केले, तेव्हा राहुल बजाज ह्यांनी आपल्या चिरंजीवांच्या ह्या निर्णयाविषयी उघडपणे खेद व्यक्त केला. येथे विशेष हा, की गिअरची मूठ कारखानदाराने ग्राहकाच्या हातातून काढून घेतली नव्हती; ग्राहकानेच, आणि विशेषतः आजवर तिच्यापासून दूर ठेवलेल्या ग्राहक स्त्रीने, ती आपण होऊन सोडली. म्हणून चेतक गेल्याचे दुःख पुष्कळांस झाले, तरी त्या दुःखात कटुता नव्हती.

आणखी एक गोष्ट चेतकची आठवण काढणारांनी विसरू नये. परवान्यांच्या राज्यात ह्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे, काही काळ तर दहा-दहा वर्षे, वाट पाहावी लागे. ती मिळाली की आधी देवळात आणि मग घरी नेत. एवढ्या प्रतीक्षेनंतर हाती आलेल्या वस्तूवर माणसाचे प्रेम जडले, तर नवल काय? परंतु त्या प्रेमात निरुपायाचा भाग किती होता, हे दुसरी वस्तू बाजारात आल्यावाचून कळण्यास मार्ग नव्हता. आज फोन निमूटपणे घेतला जातो त्यावरून जसे नव्याचे गुण सिद्ध होत नाहीत, तसेच त्या काळी चेतक तीस वर्षे चालली एवढ्यावरून जुन्याचेही सिद्ध होत नाहीत.

ऑक्टोबर २०१९ मध्ये चेतक हे नाव पुन्हा अवतरले, ते विजेवर चालणाऱ्या स्कूटरवर. ती प्रथम चाकणच्या कारखान्यात तयार होऊ लागली, आणि जानेवारी २०२० मध्ये पुणे व बंगळूर येथे तिची नोंदणी सुरू झाली. पुढे जून २०२२ मध्ये जुन्या आकुर्डीच्या आवारातच विजेच्या वाहनांचा नवा कारखाना उघडण्यात आला. ह्या नव्या चेतकची रचना टीकाकाराने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. गिअर गेला, किक गेली, इंजिन गेले, धूर गेला आणि आवाजही गेला. राहिले काय, तर नाव, पत्र्याचे अंग आणि गोलाईदार घाट. ह्यांपैकी गिअरच्या मुठीसाठी कोणी हट्ट धरल्याचे आमच्या तरी पाहण्यात आले नाही. म्हणजे ग्राहक हा सवयीचा गुलाम आहे हा सिद्धान्त येथे साफ कोसळतो. वस्तूचा प्राण कोणता आणि परिस्थितीने चिकटलेले अंग कोणते, हे त्यास बरोबर कळते. मात्र कारखानदाराच्या चातुर्यासही येथे दाद दिली पाहिजे: ज्या ओळखीला त्याने पंधरा वर्षांपूर्वी रद्दीत काढले होते, तीच ओळख त्याने नव्या किंमतीस विकली. ग्राहकाची माया निरर्थक असती, तर तिचे असे मोल आले नसते.

ह्या उदाहरणावरून तक्रारीची पारख करण्यास तीन प्रश्न पुरतात, असे आमचे मत आहे. जुना भाग ग्राहकाने सोडला की त्याच्याकडून सोडविला? जुन्याने होणारे काम नव्याने तितक्याच सुलभतेने होते काय? आणि बदलाचा लाभ कोणाच्या पदरात पडला? चेतकची मूठ ह्या तिन्ही कसोट्यांस उतरते. हेडफोनचे छिद्र उतरत नाही. ते ग्राहकाने सोडले नव्हते. साध्या तारेस कधी चार्ज करावे लागत नव्हते, बिनतारी हेडफोनास रोज करावे लागते. आणि ज्या समारंभात छिद्र गेले, त्याच समारंभात कंपनीने आपले निराळे विकावयाचे बिनतारी हेडफोन पुढे केले. फोनाची बॅटरी पूर्वी नखाने झाकण उघडून बदलता येई. ती आत चिकटविल्यामुळे फोन सडपातळ झाला आणि पाणी आत शिरण्यास अटकाव झाला, हे खरे. पण दोनशे पावलांवरच्या दुकानात होणारे काम परावलंबी झाले, हेही तितकेच खरे. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२७ पासून अशा बॅटऱ्या वापरणाऱ्यास बदलता आल्या पाहिजेत असा नियम केला आहे, तो काही केवळ गतकाळाच्या प्रेमाने नव्हे.

कुरकुर कधी कधी तज्ज्ञांपेक्षा शहाणी ठरते, ह्याचे उदाहरण मोटारींच्या धंद्यात मिळते. चाकणला जिचा मोठा कारखाना आहे त्या फोक्सवागेन कंपनीने युरोपातील आपल्या नव्या मोटारींत बटणांऐवजी स्पर्शाने चालणाऱ्या पट्ट्या बसविल्या. चालकांनी तक्रार केली, की रस्त्यावरची नजर काढल्याशिवाय हात ठिकाणावर पडत नाही. अखेर २०२२ मध्ये स्टिअरिंगवरील बटणे परत आणण्याचे कंपनीस जाहीर करावे लागले, आणि मुख्य कामांची बटणे पुन्हा कधी काढणार नाही, असे तिच्या घडणविभागाच्या प्रमुखांनी २०२५ मध्ये सांगितले. मोटारींच्या सुरक्षिततेस गुण देणाऱ्या युरो एनकॅप ह्या संस्थेनेही २०२६ पासूनच्या कसोटीत भोंगा, दिशेचा दिवा, काचेवरची पुसणी ह्यांसारख्या कामांसाठी खरीखुरी बटणे असण्यास महत्त्व दिले आहे. म्हणजे चालकांचे बोट जे सांगत होते, ते शास्त्राने मागाहून मान्य केले.

आता ह्या सर्व चर्चेत पणास काय लागले आहे, ते सांगितले पाहिजे. फोन ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. पेन्शन जमा झाल्याची सूचना, बँकेचा व्यवहार, डॉक्टरची वेळ, परदेशी गेलेल्या मुलाचे तोंड, हे सर्व त्या एका पडद्यावर आले आहे. कारखान्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या गृहस्थाने, किंवा त्याच्या पत्नीने, कष्टाने जी चार बटणे पाठ केली, ती एका रात्रीत जागा बदलतात, तेव्हा त्यांची केवळ गैरसोय होत नाही. त्यांस फोन आणि त्याबरोबर आपला गुप्त आकडाही नातवाच्या, शेजाऱ्याच्या किंवा दुकानातल्या अनोळखी पोराच्या हाती द्यावा लागतो. काल जो माणूस स्वतंत्र होता तो आज परस्वाधीन झाला. ह्या हानीस ‘सवय होईल’ हे उत्तर नव्हे.

ग्राहकांच्या चळवळीस महाराष्ट्रात चांगली परंपरा आहे. बिंदुमाधव जोशी ह्यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, आणि १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्यात निवडीचा व म्हणणे ऐकले जाण्याचा हक्क ग्राहकास स्पष्टपणे दिलेला आहे. दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास केंद्र सरकारने २०२२ मध्ये समितीही नेमली. परंतु कायदा मुख्यतः सदोष मालाची दाद घेतो. चांगला चालणारा भाग मुद्दाम काढून टाकला, तर त्यास दोष म्हणावे कसे, हा पेच राहतोच. म्हणून येथे न्यायालयापेक्षा लोकमताचे काम अधिक आहे, आणि लोकमत घडविणे हे टीकेचे काम आहे.

कारखानदारांकडून आमची अपेक्षा अवाजवी नाही. नवे खुशाल आणावे. पण काही काळ जुने शेजारी ठेवावे, आणि काय काढले व का काढले हे पेटीवर स्पष्ट लिहावे. नवे खरोखर चांगले असेल, तर बिनगिअरच्या स्कूटरप्रमाणे लोक आपल्या पायांनी त्याच्याकडे जातील. ग्राहकांसही एक विनंती आहे. ‘पूर्वीचे बरे होते’ एवढेच म्हणून थांबू नये. पूर्वी कोणते काम होत होते आणि आता कोणते होत नाही, हे दुकानदारास नेमके सांगावे, शक्य तर लिहून द्यावे. कुरकुर सोडण्याचे कारण नाही. ती मोघम मात्र असू नये.