युरोपीय चित्रपट पुरस्कार : मूल्यमापन की अनुमोदन?

युरोपीय चित्रपट पुरस्कारांचे पहिले वितरण १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये पश्चिम बर्लिन येथे झाले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान क्झिश्तोफ किश्लोव्स्की या पोलिश दिग्दर्शकाच्या ‘हत्येविषयीचा एक छोटा चित्रपट’ या कृतीस लाभला. एका तरुणाने केलेला खून आणि राज्यसंस्थेने त्यास दिलेली फाशी या दोन्ही कृत्यांकडे तो चित्रपट सारख्याच कठोर दृष्टीने पाहतो. बर्लिनची भिंत अद्याप उभी असता तिच्या पलीकडील कलाकृतीस आपली मानणे, ही या पुरस्काराची पहिली भूमिका होय.

पुढील इतिहास इतका निःशंक नाही. २००७ ते २०२३ या १७ वर्षांतील मानकऱ्यांपैकी ६ चित्रपटांनी त्याच वर्षी कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळविले होते. मुंगिऊ व त्रिए यांचा प्रत्येकी एक आणि हानेके व ऑस्टलुंड यांचे प्रत्येकी दोन चित्रपट त्यांत येतात. या कृतींच्या योग्यतेविषयी वाद नाही. तथापि, कानच्या परीक्षकांनी मे महिन्यात दिलेला निर्णय वर्षअखेरीस पुन्हा वाचून दाखविणे, एवढेच कार्य उरत असेल तर स्वतंत्र पुरस्काराचे प्रयोजन काय? मतदार अनेक देशांत विखुरलेले असल्याने महोत्सवांत गाजलेली कृतीच बहुतेकांच्या पाहण्यात येते, हे याचे एक संभाव्य कारण म्हणता येईल.

असे असूनही पुरस्कारास निरर्थक ठरविणे अन्याय्य होईल. २०२१ चा मान यास्मिला झ्बानिच यांच्या ‘क्वो वादिस, आइदा?’ या चित्रपटास मिळाला. २०२० मध्ये व्हेनिसच्या मुख्य परीक्षकमंडळाने त्यास पारितोषिक दिले नव्हते. १९९५ च्या स्रेब्रेनिका हत्याकांडात संयुक्त राष्ट्रांच्या छावणीत दुभाषीचे काम करणारी आइदा पती व पुत्रांना वाचविण्यासाठी धडपडते. रक्षणाचे आश्वासन तिलाच भाषांतरित करून सांगावे लागते, आणि ते पाळले जात नाही. हा आरोप युरोपवरच आहे.

ज्या कृतीने युरोपला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तिलाच युरोपने गौरवावे, यातच या पुरस्काराचे स्वत्व आहे. १९८८ आणि २०२१ चे निर्णय त्या दृष्टीने एकाच परंपरेतील होत. अन्यत्र मान्य झालेल्या श्रेष्ठतेवर मोहोर उठविणे सोपे. अस्वस्थ करणाऱ्या सत्यास आपले म्हणणे कठीण. पुरस्काराची कसोटी या दुसऱ्या कार्यावरच लागावयास हवी.