धार्मिक वाचकाची मोजपट्टी

पुस्तक वाचून झाल्यावर विचारायचे प्रश्न दोन. पुस्तक चांगले आहे काय, हा एक. आणि ते वाचून माझ्या ईमानाला काय मिळाले, हा दुसरा. मराठी समीक्षेने पहिल्या प्रश्नाला ओसरीवर बसवले आणि दुसऱ्याला ‘बोधवादी’ म्हणून अंगणातूनच परत पाठवले. आपल्या मोहल्ल्यांत नेमके उलटे घडते. एखाद्या मुस्लिम लेखकाची कादंबरी आली की ती कशी लिहिली आहे हे नंतर. तिच्यात दीनविरुद्ध काही आहे का आणि समाजाची बेअब्रू तर केली नाही ना, हे आधी विचारले जाते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आजवर आपले लेखक या दोन प्रश्नांच्या कात्रीत लिहीत आले आहेत.

ही कात्री आपल्याच वाट्याला आली आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतल्या श्रद्धावान ख्रिस्ती वाचकाने गेल्या तीसेक वर्षांत काय वाचले, कशाला डोक्यावर घेतले आणि कशाला दारातून परत पाठवले, हे पाहू लागलो की परक्याच्या आरशात आपलाच चेहरा दिसू लागतो. त्या वाचकाची टिंगल करणे फार सोपे आहे आणि इंग्रजी समीक्षेने ती पुष्कळ केली आहे. आम्हांला त्यात रस नाही. त्याच्या हातातली मोजपट्टी कोठे खरी ठरते आणि कोठे वाकते, एवढेच आम्ही पाहणार आहोत.

प्रथम बाजार पाहू. अमेरिकेत ख्रिस्ती पुस्तकांचे स्वतंत्र प्रकाशक होते, स्वतंत्र दुकाने होती आणि ख्रिस्ती कादंबरीसाठी २००० पासून दिला जाणारा ‘ख्रिस्टी’ हा स्वतंत्र पुरस्कारही आहे. या दुकानांतला अलिखित करार असा, की पुस्तकात शिवीगाळ नसावी, शय्यागृहाचे दार बंद राहावे आणि शेवटी भटकलेला जीव देवाकडे वळावा. करार धार्मिक असला तरी व्यवहार मोठा होता. ‘झोंडरव्हन’ १९८८ मध्ये आणि ‘थॉमस नेल्सन’ २०१२ मध्ये ‘हार्परकॉलिन्स’ या सर्वसाधारण व्यापारी समूहाकडे गेले. सदर्न बॅप्टिस्ट पंथाच्या ‘लाइफवे’ने २०१९ मध्ये आपली सगळी दुकाने बंद करून विक्री ऑनलाइन नेली. म्हणजे श्रद्धेचे कपाट वेगळे ठेवले तरी तिजोरी वेगळी राहिली नाही.

या कपाटातले सर्वांत यशस्वी प्रेरणादायी पुस्तक म्हणजे रिक वॉरन यांचे २००२ चे ‘द पर्पज ड्रिव्हन लाइफ’. चाळीस प्रकरणे, रोज एक, चाळीस दिवस. तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या. चाळीस हा आकडा आपल्याला परका नाही. हजरत मूसांच्या तूर पर्वतावरच्या चाळीस रात्री आणि सूफींचा चिल्ला आपण जाणतो. परंतु चिल्ल्यात बसणारा एकांतात जातो. या पुस्तकाचे वाचक गटागटाने, चर्चच्या कार्यक्रमानुसार बसले. वॉरन यांची भाषा साधी आहे आणि माणसाने स्वतःला केंद्रस्थानी ठेवू नये हा त्यांचा मुद्दा निर्विवाद आहे. तरीही अशा पुस्तकाची एक मर्यादा सांगितली पाहिजे. त्यात दुःख येते ते धड्याचे उदाहरण म्हणून. धडा संपला की दुःखही संपते. दुःखाला स्वतःचे बोलणे नसते.

दुसरे उदाहरण ‘लेफ्ट बिहाइंड’ या मालिकेचे. टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांनी १९९५ ते २००७ या काळात सोळा पुस्तके लिहिली. खप साडेसहा कोटींच्या वर गेला. कथा कयामतीच्या आधीची. खरे श्रद्धावान क्षणार्धात आकाशात उचलले जातात, मागे उरलेल्यांवर संकटे कोसळतात, आणि ख्रिस्तविरोधी सत्ताधीश संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसपदावरून जगाचा मालक होतो. त्याची राजधानी इराकमधले ‘नवे बाबिलोन’. २००३ मध्ये इराकवर खरे बॉम्ब पडत होते तेव्हा ही मालिका ऐन भरात होती. कादंबऱ्यांमुळे युद्ध झाले असे म्हणणे बालिशपणाचे होईल. पण ज्या वाचकाच्या मनात इराक म्हणजे दज्जालाची राजधानी एवढेच चित्र आहे, त्याला बगदादच्या मोहल्ल्यात शाळेतून घरी निघालेले पोर दिसणे अवघड जाते, एवढे म्हणायला हरकत नाही. दज्जालावर आपलाही विश्वास आहे. आखिरतच्या निशाण्या सांगणारी पातळ पुस्तके आपल्याकडेही मशिदीबाहेरच्या स्टॉलवर खपतात, आणि त्यांतही शत्रूचे नाव पत्ता नि धर्मासह छापलेले असते. ख्रिस्ती वाचकाला दोष देताना आपण तो स्टॉल ओलांडून पुढे जाऊ नये.

तिसरे पुस्तक अधिक गुंतागुंतीचे आहे. विल्यम पॉल यंग यांची ‘द शॅक’ ही कादंबरी. पत्नीच्या आग्रहावरून त्यांनी ती आपल्या सहा मुलांसाठी लिहिली आणि २००५ च्या नाताळात पंधरा प्रती काढून वाटल्या. प्रकाशकांनी नाकारली, तेव्हा मित्रांनी २००७ मध्ये स्वतःच छापली. पुढच्याच वर्षी ती न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत पहिली होती. मॅक नावाच्या बापाची लहान मुलगी सहलीच्या ठिकाणाहून पळवली जाते आणि तिचा खून होतो. चार वर्षांनी त्याला देवाकडून चिठ्ठी येते: ज्या पडक्या झोपडीत मुलीच्या रक्ताचा डाग सापडला, तिथेच ये. तिथे देव त्याला एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या रूपात भेटतो, येशू मध्यपूर्वेतल्या सुताराच्या रूपात आणि पवित्र आत्मा ‘सरयू’ नावाच्या आशियाई स्त्रीच्या रूपात. आपल्या नदीचे नाव तिथवर पोहोचले आहे.

या पुस्तकाने ख्रिस्ती वाचकांत उभी फूट पाडली. बायबलचे सोप्या इंग्रजीत भाषांतर करणारे यूजीन पीटरसन यांनी तिची तुलना थेट बनियनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’शी केली. सदर्न बॅप्टिस्ट विद्यापीठाचे प्रमुख अल्बर्ट मोहलर यांनी मात्र ही कादंबरी नसून कथेच्या वेषातला धर्मशास्त्रीय युक्तिवाद आहे आणि तो चुकीचा आहे, अशी भूमिका घेतली. ‘लाइफवे’ने पुस्तक पूर्णपणे हद्दपार न करता ‘विवेकाने वाचा’ अशा सूचनेसह विकले. या सूचनेत वाचकाला शहाणा समजण्याची तयारी दिसते, म्हणून बंदीपेक्षा ती आम्हांला कितीतरी बरी वाटते.

आम्हां मुस्लिम वाचकांना देवाचे कोणतेच रूप मान्य होणार नाही. तौहीदच्या कसोटीवर ही कादंबरी पहिल्याच भेटीत बाद होते. पण तिथेच पुस्तक मिटले तर तिच्यातले खरे काही हाती लागत नाही. मूल गमावलेला बाप देवाला जाब विचारतो, आणि विचारू दिला जातो, हे ते खरे. आपल्या परंपरेत त्याला जागा नाही काय? सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब मुलासाठी इतके रडतात की त्यांचे डोळे पांढरे होतात, आणि तरीही त्यांच्या सब्रला ‘जमील’ म्हटले आहे. सूरह कहफमध्ये एका मुलाचा जीव घेतला जातो तेव्हा हजरत मूसांसारखा पैगंबर गप्प राहात नाही. सब्र म्हणजे तोंड दाबून बसणे नव्हे, हे कुरआन स्वतः सांगत असताना मय्यतीच्या घरी आपण रडणाऱ्या आईला गप्प करतो. ‘द शॅक’चा दोष आमच्या मते धर्मशास्त्रापेक्षा कलेत अधिक आहे. मॅकच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळते, तेही लांबलचक. मूसांना उत्तर मिळाले ते निरोपाच्या वेळी, मोजक्या शब्दांत.

प्रेरणेच्या बाजाराची काळी बाजू २०१५ मध्ये उघडी पडली. अपघातातून वाचलेला सहा वर्षांचा मुलगा स्वर्ग पाहून आला असे सांगणारे एक पुस्तक २०१० मध्ये निघाले. मुखपृष्ठावर वडिलांबरोबर त्याचेही नाव होते. मोठा झाल्यावर त्याने विक्रेत्यांना उघड पत्र लिहिले, की आपण मेलो नव्हतो आणि स्वर्गातही गेलो नव्हतो. लक्ष वेधण्यासाठी तसे बोललो. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले. कादंबरीवर ‘विवेकाने वाचा’ असे बजावणाऱ्या वाचकांनी अशी ‘सत्यकथा’ मात्र निःशंकपणे घेतली होती. कल्पितावर संशय आणि करामतीवर विश्वास, ही धार्मिक वाचकाची जुनी खोड आहे. तिच्यावरचा उतारा आपल्या मुहद्दिसांनी शतकांपूर्वी शोधला होता: कोण म्हणतो, कोणाकडून ऐकले, तो किती भरवशाचा. इस्नादची ही शिस्त आपण हदीसपुरती ठेवली आणि पिराच्या पुस्तिकेला माफ केली.

आता त्या पुस्तकाकडे येतो, जे ख्रिस्ती कपाटासाठी लिहिलेच गेले नव्हते. मेरिलिन रॉबिन्सन यांची ‘गिलियड’ २००४ मध्ये आली. २००५ चे पुलित्झर तिला मिळाले. १९५६ साल, आयोवामधले छोटे गाव. शहात्तर वर्षांचा पाद्री जॉन एम्स हृदयाच्या आजाराने मरणार आहे आणि सात वर्षांच्या आतल्या मुलाला दीर्घ पत्र लिहितो आहे. चमत्कार नाही, धर्मांतर नाही, खलनायक नाही. घाईतला वाचक कंटाळतो. पण श्रद्धा हा विषय न होता श्रद्धा ही नजर कशी होते, हे पाहायचे असेल तर याहून चांगले पुस्तक आम्हांला गेल्या पंचवीस वर्षांत आढळले नाही.

या नजरेलाही एक आंधळा कोपरा आहे, आणि तो लेखिकेने लपवलेला नाही. गावातल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चला पूर्वी कधी आग लागली होती. एम्स तिचा उल्लेख ओझरता करतो. आग छोटीच होती. त्यानंतर ती माणसे गाव सोडून गेली, यात त्याला फारसे काही खटकत नाही. मित्राचा वाया गेलेला मुलगा जॅक परत येतो, आणि त्याची बायको कृष्णवर्णीय आहे हे उशिरा कळते, तेव्हा वाचकाच्या ध्यानात येते की तो या गावात घर शोधायला आला होता आणि त्याला ते मिळणार नाही. एम्स त्याला निरोप देताना डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. मनापासून देतो. पण त्या आशीर्वादात घर नसते. ‘छोटी आग’ हा शब्दप्रयोग भारतातल्या मुस्लिम वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. पापभीरू, प्रेमळ, प्रार्थना करणारी माणसेही शेजारच्याची आग छोटी मानतात, हे एका ख्रिस्ती लेखिकेने आपल्या ख्रिस्ती नायकाबद्दल लिहिले. याला आम्ही धार्मिक कादंबरी म्हणतो.

शत्रुत्वाने लिहिलेल्या पुस्तकाशी कसे वागावे, हाही प्रश्न आहे. डॅन ब्राउन यांच्या २००३ च्या ‘द दा विंची कोड’मुळे ख्रिस्ती मने दुखावली. अमेरिकेत तिला उत्तर देणारी पुस्तके एकामागून एक निघाली. आपल्याकडे २००६ मध्ये गोव्यासह काही राज्यांनी चित्रपटावर बंदी घातली. पुस्तकाला पुस्तकाने उत्तर देणे महाग आणि वेळखाऊ असते. बंदीला एक अर्ज पुरतो. आपला स्वतःचा इतिहास या बाबतीत कोणत्या बाजूला आहे, हे वाचक जाणतातच.

बोध आणि कादंबरी यांचे वैर जन्मजात आहे असे मात्र आम्ही मानत नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. मराठी कादंबरीचा आरंभच एका ख्रिस्ती लेखकाच्या बोधपर पुस्तकापासून मोजतात. उर्दूत डिप्टी नजीर अहमद यांची ‘तौबतुन्नसूह’ डॅनियल डिफोच्या एका ख्रिस्ती उपदेशग्रंथाची ऋणी आहे. तिच्यात धर्माकडे वळलेला नसूह आपल्या मोठ्या मुलाची, कलीमची, पुस्तके जाळतो. नजीर अहमदांची बाजू नसूहची होती. पण त्यांनी कलीमला इतके जिवंत लिहिले की वाचकाचे मन त्याच्याकडेच ओढले जाते. उपदेशकावर कादंबरीकाराने केलेली ही मात आहे.

मग मोजपट्टी कोणती? आमच्यापुरती ती ‘इन्साफ’ ही आहे. सूरह माइदाहमध्ये ताकीद आहे की एखाद्या कौमेशी वैर असले तरी न्याय सोडू नका. हीच ताकीद कादंबरीला लावावी. पुस्तक ज्याला हरवू पाहते, त्याला नीट बोलू दिले आहे काय? ‘लेफ्ट बिहाइंड’ इथे नापास होते, ‘द शॅक’ अर्धी उत्तीर्ण होते, ‘गिलियड’ आपल्या लाडक्या पाद्र्यालाही सोडत नाही. आपल्या लेखकाने तलाक दिलेल्या बाईची कथा लिहिली, तर त्याने समाजाची अब्रू घालवली काय हे विचारण्याआधी विचारावे, की तलाक देणाऱ्यालाही त्याने माणूस म्हणून उभे केले आहे काय. दंग्याची कथा लिहिली, तर दगड हातात घेतलेल्या समोरच्या पोराला चेहरा दिला आहे काय. ईमानवाल्या वाचकाने हा प्रश्न सोडून दुसरे काही आधी विचारू नये.