कार्गांच्या बाजूने

उर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसी या कल्पित जगाचा नकाशा उघडला की आधी दिसतं ते पाणी. त्यात विखुरलेली शेकडो बेटं, आणि ईशान्येला जरा फटकून असलेली चार मोठी: कारेगो-आट, आटुआन, हुर-आट-हुर, आट्निनी. हा कारगाडचा मुलूख. तिथले लोक गोरे, देवळं बांधणारे, मंत्रविद्येला पाप समजणारे. लिहिणं-वाचणंही त्यांच्या लेखी चेटूकच. बाकीच्या द्वीपसमूहातली माणसं तांबूस-सावळी, काही तर पार काळी. त्यांना देवळांची गरज वाटत नाही. प्रत्येक वस्तूचं खरं नाव जाणणं ही त्यांची विद्या, आणि ती शिकवायला रोक बेटावर शाळा आहे. मेल्यावर माणसाचं काय होतं, याचं उत्तरही दोन्हीकडे निरनिराळं. सगळी कादंबरीमालिका अखेर या उत्तरापाशी येऊन ठेपते, पण तिथवर यायला लेखिकेला १९६८ पासून २००१ पर्यंतचा काळ लागला.

‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’च्या पहिल्याच प्रकरणात कार्ग येतात ते धाड घालायला. गॉन्ट बेटावरची गावं जाळत ते वर चढतात. कथानायक गेड तेव्हा पोरसवदा आहे, कांशाचं काम करणाऱ्या कारागिराचा मुलगा. तो ऐकीव मंत्रांनी धुकं बांधून गावावर पसरतो आणि शत्रू त्यात भरकटतो. प्रसंग थरारक आहे, पण त्यात एकाही कार्गाला नाव दिलेलं नाही. धुक्यात हलणारे पांढरे चेहरे आणि भाल्यांची टोकं, एवढेच कार्ग आपल्याला दिसतात. परीकथांतून उजळ नायक आणि काळे रानटी शत्रू वाचून मोठं झालेल्या वाचकापुढे ले ग्विन यांनी ही मांडणी जाणूनबुजून उलटी केली. २००४ साली दूरचित्रवाणी मालिकेत गेडला गोरा केला, तेव्हा त्यांनी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली होती. तरीही मला वाटतं, नुसते रंग उलटे करून त्या थांबल्या असत्या, तर पुस्तकाचं मोल मर्यादितच राहिलं असतं. रंग बदलले तरी शत्रू हा शत्रूच राहिला होता.

त्याच पुस्तकात पुढे एक छोटा प्रसंग येतो. पहिल्या वाचनात तो हातून निसटतो. गेडची होडी एका वाळूच्या निर्जन बेटावर फुटते. तिथे एका झोपडीत म्हातारा आणि म्हातारी राहतात. दोघं भाऊबहीण असावीत. लहानपणी कुणीतरी त्यांना तिथे आणून सोडलेलं, तेव्हापासून तिसरं माणूस त्यांनी जवळजवळ पाहिलेलंच नाही. म्हातारा गेडला बघून थरथरतो. म्हातारीची भीती मात्र हळूहळू चेपते. ती आपली ठेव उघडून दाखवते: लहान मुलीचा जरतारी रेशमी झगा, बारीक मोती लावलेला, त्यावर कारगाडच्या राजघराण्याची खूण. मग ती त्याच्या हातात कड्याचा एक तुटका तुकडा ठेवते आणि तो त्यानं घ्यावा म्हणून हट्ट धरते. गेडला त्याची किंमत कळत नाही. निघताना तो त्यांच्या मचूळ पाण्याच्या झऱ्यावर मंत्र घालून ते गोड करतो. गेड आणि त्यांच्यात धड एक वाक्य बोललं जात नाही, कारण भाषाच निराळ्या. पण धाडीनंतर कार्ग माणूस आपल्याला पहिल्यांदा जवळून दिसतो तो असा, हातातलं काहीतरी देताना.

१९७१ च्या ‘द टूम्स ऑफ आटुआन’मध्ये लेखिका सरळ कार्गांच्या घरात जाऊन बसते. पुस्तकाचा मोठा भाग उलटून गेला तरी गेडचा पत्ता नसतो. आपण असतो टेनारबरोबर. मेलेल्या मुख्य पुजारिणीचा पुनर्जन्म म्हणून पाच वर्षांच्या या मुलीला आईपासून उचलून वाळवंटातल्या देवस्थानात आणलेलं असतं, आणि तिचं नावही तिथल्या शक्तींना अर्पण केलेलं असतं. तिथलं सगळं जगणं ले ग्विन सावकाश रचत नेतात: सूतकताई, रटाळ जेवण, व्रतं, कंटाळा, चोरून खाल्लेली सफरचंदं, दाराशी झोपणारा मायाळू खोजा मानान. ले ग्विन या मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांच्या कन्या. परक्या समाजाकडे बघताना आधी त्याची रोजची कामं बघावीत, ही शिस्त पानापानांतून जाणवते.

आणि मग तो उजेड. देवस्थानाखालच्या भुयारात दिवा लावायला सक्त मनाई आहे. टेनारला तिथली प्रत्येक भिंत बोटांनी पाठ आहे, पण तिनं ती कधी पाहिलेली नाही. एके दिवशी तिथे एक चोर काठीच्या टोकावर उजेड घेऊन उभा असतो. भिंती स्फटिकांच्या आहेत आणि सगळी गुहा लखलखते आहे, हे तिला त्या क्षणी कळतं. लेखिकेचं कसब असं की टेनारला आनंद होत नाही. तिला संताप येतो. जे कुणी पाहायचं नाही, ते एका नास्तिक परक्यानं पाहिलं! ती लोखंडी दार लोटून त्याला कोंडते. त्या संतापात आपणही तिच्याच बाजूनं असतो, आणि ज्याच्यावर आपण पहिल्या पुस्तकात जीव लावला तो गेड आपल्यालाही घुसखोर वाटतो. दोन संस्कृतींच्या गाठीचं इतकं प्रामाणिक चित्र मी फार कमी ठिकाणी वाचलं आहे.

गेड भुयारात आलेला असतो तो म्हातारीनं दिलेल्या कड्याचा उरलेला तुकडा शोधायला. पुढे दोन्ही तुकडे जुळतात आणि त्यावरची शांततेची हरवलेली खूण पुन्हा पुरी होते. एक तुकडा म्हातारीनं दिलेला, दुसऱ्यापर्यंत नेणारी टेनार. द्वीपसमूहाच्या राज्याची घडी ज्या खुणेशिवाय बसत नव्हती, ती दोन कार्ग बायकांच्या हातून आली. ले ग्विन हे कुठेही बोलून दाखवत नाहीत.

याच पुस्तकात टेनारला वडीलधाऱ्या पुजारिणीकडून पश्चिमेच्या मांत्रिकांविषयी एक गोष्ट ऐकायला मिळते: ते मेले की पुन्हा जन्मत नाहीत, त्यांची भुतं वाऱ्यावर कण्हत राहतात. वाचताना हा धर्मांधांचा दुस्वास वाटतो. लगेच पुढच्या वर्षी आलेल्या ‘द फार्देस्ट शोअर’मध्ये गेड मृतांच्या कोरड्या प्रदेशात उतरतो. दगडी कुंपण, न ढळणारे तारे, आणि एकमेकांना न ओळखता शेजारून जाणारे प्रेमिक. हे वर्णन इतकं भव्य आहे की पुजारिणीचं बोलणं आठवतच नाही. खरं तर पुजारीण आणि लेखिका एकाच जागेविषयी सांगत असतात.

‘द अदर विंड’ या शेवटच्या कादंबरीत ते उघड होतं. ऑल्डर या फुटकं सांधणाऱ्या साध्या मांत्रिकाला रोज स्वप्नात ते कुंपण दिसतं, आणि पलीकडे त्याची वारलेली बायको. मृत त्याच्याकडे सुटका मागतात. त्यातून त्याला रात्रभर वाचवतं ते अंगाला चिकटून झोपणारं मांजराचं पिल्लू. प्राण्यांना त्या कोरड्या प्रदेशात जागाच नाही, ते मरतात आणि पुन्हा जन्मतात. कार्गही तसेच. हुर-आट-हुरची राजकन्या सेसेराख नखशिखांत तांबड्या बुरख्यात द्वीपसमूहाच्या राजधानीत, हॅव्हनॉरला येते, तेव्हा दरबारी तिला अडाणी समजतात आणि तरुण राजा लेबानेन तर तिचं तोंडही पाहायला तयार नसतो. पण माणसं आणि ड्रॅगन एकच होते त्या काळातल्या वाटणीची जुनी कथा तिच्या लोकांनी जपून ठेवलेली असते. ड्रॅगनांनी मुक्ती घेतली, माणसांनी मालमत्ता. कार्गांनी तो करार पाळून मंत्रांची भाषा सोडली. पश्चिमेच्या मांत्रिकांनी ती ठेवून घेतली, वर अमरत्वाच्या लोभानं ड्रॅगनांच्या हद्दीत कुंपण घातलं.

पुनर्जन्माच्या कल्पनेत वाढलेल्या मराठी वाचकाला कार्गांचं म्हणणं सहज पटेल. म्हणूनच इथे जपून वाचायला हवं. ले ग्विन कार्गांना सोवळं ठरवत नाहीत. पाच वर्षांच्या मुलीला अंधारात कोंडणारा धर्मही त्यांचाच, बुरखाही त्यांचाच.

शेवटच्या पुस्तकानं तिसऱ्याची भव्यता मोडली, असा आक्षेप घेता येईल. मला तो मान्य नाही. मांत्रिक पुन्हा जन्मत नाहीत हे वाक्य तिसऱ्या पुस्तकातल्या कोरड्या प्रदेशाच्या वर्णनाआधीच छापलेलं होतं, आणि ते एका कार्ग बाईच्या तोंडी होतं म्हणून आपण ते उडवून लावलं. तीस वर्षांनी लेखिकेनं त्या वाक्याकडे परत जाऊन ते खरं धरलं, आणि ते कुंपण पाडताना मांत्रिक, ड्रॅगन आणि रोकच्या वनात राहणारा अझ्व्हर नावाचा एक कार्ग, असे सगळे एकत्र उभे केले.