४९ मतांची अर्धीच गोष्ट

ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टन राज्यात (राजधानी नव्हे, सिअ‍ॅटल जिथे आहे ते) एका पदासाठी प्राथमिक फेरी झाली. पदाचं नाव कमिशनर ऑफ पब्लिक लँड्स. सुमारे १९ लाख मतं पडली आणि दुसऱ्या-तिसऱ्या उमेदवारात फरक निघाला ५१ मतांचा. राज्यभराच्या निवडणुकीत फरक इतका कमी असला की तिथल्या कायद्याप्रमाणे हाताने फेरमोजणी होते. ती झाली आणि फरक ४९ वर आला. डेमोक्रॅट डेव्ह अपदग्रोव्ह नोव्हेंबरच्या फेरीत गेले, रिपब्लिकन सू क्यूल पेडरसन घरी बसल्या.

ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल तर बहुधा एकाच सुरात ऐकली असेल: बघा, प्रत्येक मत मोलाचं असतं, आळस करू नका. माझा आक्षेप या सुराला आहे. आकडा खरा आहे, पण त्यातून काढलेला धडा सोयीचा आहे.

आधी पद काय आहे ते बघू. महाराष्ट्रात वनमंत्री कोण हे मुख्यमंत्री ठरवतात, त्या खात्यासाठी वेगळं मत मागायला कुणी आपल्या दारात येत नाही. वॉशिंग्टनमध्ये हा माणूस थेट निवडून येतो. खजिनदार, ऑडिटर, शाळांचा प्रमुख, सगळेच तसे. मतपत्रिकेवर ही नावं बरीच खाली असतात, आणि तिथपर्यंत पोचेस्तोवर आपला उत्साह संपलेला असतो. पण या खात्याकडे वणवे विझवणारी राज्याची यंत्रणा आहे. शिवाय राज्य स्थापन झालं तेव्हा, १८८९ साली, शाळांसाठी म्हणून मिळालेली जंगलंही याच खात्याकडे. तिथलं लाकूड विकून शाळांच्या इमारतींना पैसा जातो. २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या जमिनींतून जास्तीत जास्त पैसा काढलाच पाहिजे असं बंधन नाही. म्हणजे किती झाडं तोडायची आणि किती ठेवायची, यात खुर्चीवरच्या माणसाला बरीच मोकळीक मिळाली. जागा महत्त्वाची आहे, हा मुद्दा निर्विवाद.

आता नियमाकडे येऊ. खरी गंमत इथे आहे. वॉशिंग्टनच्या प्राथमिक फेरीत सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार एकाच यादीत असतात आणि पक्ष कुठलाही असो, पहिले दोघं नोव्हेंबरला जातात. २०२४ मध्ये या पदासाठी सात जण होते: दोन रिपब्लिकन, पाच डेमोक्रॅट. रिपब्लिकन जेमी हेरेरा बटलर जवळपास २२ टक्क्यांवर पहिल्या आल्या. पेडरसन आणि अपदग्रोव्ह दोघंही २१ च्या किंचित खाली. पाच डेमोक्रॅट्सची बेरीज करा, ती ५७ टक्क्यांच्या आसपास जाते. इतकी मतं ज्या पक्षाच्या उमेदवारांना पडली, त्याचं नाव नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर असणार की नाही, हे ४९ मतांवर लटकत होतं.

याला मतदारांचा आळस कसा म्हणणार? लोकांनी मत दिलं होतं, फक्त ते पाच ठिकाणी विभागलं गेलं. मकाह जमातीचे पॅट्रिक डिपो याच खात्यात काम करणारे उमेदवार होते. त्यांना ज्यांनी मत दिलं त्यांनी काही चूक केली का? धोका निर्माण केला नियमाने आणि प्रवचन मात्र ऐकायचं मतदाराने, हे मला पटत नाही.

आणि हे पहिल्यांदा होत होतं असंही नाही. २०१६ मध्ये याच राज्यात खजिनदाराच्या पदासाठी तीन डेमोक्रॅट आणि दोन रिपब्लिकन उभे होते. तिन्ही डेमोक्रॅट्सची मिळून मतं जास्त होती, तरी नोव्हेंबरला गेले दोन्ही रिपब्लिकन. तिथे असा रोमांचक आकडा निघाला नाही, म्हणून कुणी त्यावर सुविचार लिहिला नाही. नियम खरोखर चावला तेव्हा आपण गप्प राहिलो, आणि थोडक्यात चुकला तेव्हा लोकशाहीचा विजय म्हणून टाळ्या वाजवल्या.

आणखी एक गोष्ट या सुरात हरवते. तिथे मतदान टपालाने होतं आणि पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून बघतात. जुळली नाही तर पत्र येतं, ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती करून द्यावी लागते, नाहीतर मत बाद. (सही जुळत नाही म्हणून चेक परत येणं हा ताप आपल्या आजोबांना चांगला माहीत आहे.) सोळाव्या वर्षी लायसन्स काढताना काचेच्या पाटीवर बोटभर जागेत गिरगटलेली सही तुमची अधिकृत सही होऊन बसू शकते, आणि विशीत ती बदललेली असते. राज्याच्या ऑडिटरने २०२० च्या निवडणुकीची तपासणी करून २०२२ मध्ये अहवाल दिला. मुद्दाम भेदभाव झाल्याचा पुरावा त्यात सापडला नाही. पण कृष्णवर्णीयांची मतं गोऱ्यांच्या चौपट प्रमाणात बाद झाली होती, आणि तरुणांची, आशियाई वंशाच्या लोकांचीही जास्त. राज्यभरात अशी बाद पाकिटं हजारोंनी असतात, त्यांच्यापुढे ४९ म्हणजे काहीच नाही. ‘मत द्या’ एवढंच सांगून थांबणारा माणूस या लोकांना काय सांगणार? त्यांनी तर दिलं होतं.

या पद्धतीच्या बाजूने बोलण्यासारखं आहे, नाही असं नाही. पक्षाकडे नाव नोंदवावं लागत नाही, ज्याला हवं त्याला मत देता येतं, आणि तिथल्या लोकांना ते आवडतं. २००४ मध्ये त्यांनी स्वतःच मतदान करून ही पद्धत आणली. पण हे स्वातंत्र्य ठेवून गळती कमी करता येते. अलास्कात पहिले चार जण पुढे जातात आणि नोव्हेंबरला मतदार त्यांना पसंतीक्रम देतात. ती पद्धत रद्द करायचा प्रस्ताव २०२४ मध्ये हजाराहूनही कमी मतांनी पडला. म्हणजे तिथेही वाद मिटलेला नाही.

अपदग्रोव्ह नोव्हेंबरला जिंकले. जानेवारी २०२५ मध्ये सूत्रं हातात घेताच त्यांनी जुन्या जंगलांमधली काही लाकूडविक्री थांबवली आणि ऑगस्टमध्ये सुमारे ७७ हजार एकर जंगल तोडीतून वगळण्याचा आदेश काढला. कारखाने आणि शाळा ज्यांच्या लाकडावर चालतात त्या गावांना हा आदेश टोचणारा आहे. २०२८ मध्ये हे पद पुन्हा मतपत्रिकेवर येईल. नियम तोवर बदलला नाही तर पुन्हा पहिले दोघंच पुढे जातील, मग यादीत सात नावं असोत की सतरा.